बदककुरणाची वाट

एल्डरब्रूक, ९ नोव्हेंबर १९२४

जनरलसाहेब,

तुझा फोटो पोचला. छातीवर इतकी पदकं की कोट एका बाजूला ओघळलाय. सोबतच्या चिठ्ठीत म्हणतोस, गावच्या लोणी-कारखान्यात हा भिंतीवर लाव, म्हणजे उन्हाळ्यातल्या निवडणुकीला लोकांना आपला माणूस रोज डोळ्यांसमोर दिसेल. मी तो लावलेला नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवलाय. तिथे उंदीर फार झालेत, त्यांना जरा वचक बसेल.

तुझ्या आईबद्दल एक ओळ विचारली आहेस, तर सांगते. मिनामावशीचे पाय सुजलेत, कान तर केव्हाच गेले. सकाळी तिच्या धुराड्यातून धूर दिसला नाही की मी जाते. तुझ्या पणजोबांनी माझ्या पणजोबांकडे शेजार मागितला होता, तेव्हापासून हॉइटिंकांचं घर हा तुम्हा विसिंकांचा पहिला शेजार, जन्ममरणाला आधी धावून जाणारा. तुझ्या जन्माच्या वेळी माझी आई मनुकांचा हातभर लांब पाव घेऊन तुमच्या घरी गेली होती. मी तिच्या झग्याला धरून होते. तू माकडासारखा लालबुंद होतास. तुला वाटत असेल मी तुझ्यावर उपकार म्हणून तुझ्या आईचं करते, तर तो गैरसमज काढून टाक. तू नसतास तरी केलंच असतं.

आता कामाचं. चर्चच्या आवारातला स्मृतिदगड तू पाहिलायस. तूच त्यावरचं कापड ओढलं होतंस. त्यावर तीन नावं आहेत. मेले मात्र चौघं.

तुझ्या लक्षात नसेल, हेगच्या संसदेत थोरामोठ्यांच्या पंगतीत लहान गोष्टी विसरायला होतात, म्हणून आठवण देते. सतरा सालचा फेब्रुवारी. आपला देश लढाईत नव्हता, पण फौज सीमेवर उभी, आणि तू कर्नल होऊन आपल्याच गावी तळ ठोकून बसलेला. माझा पोरगा हर्मन तुझ्या हाताखाली सार्जंट. बदककुरणात पुराचं पाणी भरून गोठलं होतं. त्या बर्फावरून तुकडी चालत निघाली, आल्डरच्या झाडांपाशी बर्फ फुटला, चार पोरं खाली गेली. चौकशीत ठरलं की सार्जंट हॉइटिंकनं हुकूम नसताना, वाट जवळची म्हणून तुकडी बर्फावर घातली. म्हणून दगडावर तिघांची नावं आणि माझा हर्मन मागच्या भिंतीशी, खाजकुयलीच्या झुडपांत पुरलेला.

एव्हर्ट, मी काही शिकलेली बाई नाही. पण त्या पोराला बर्फावर चालायला मी शिकवलं. तुलाही मीच शिकवलं, त्याच कुरणावर, आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत. आधी टाच आपट, मग ऐक, मग पाऊल टाक. हर्मन दारातल्या डबक्यावरसुद्धा टाच आपटल्याशिवाय जायचा नाही. तो आपण होऊन तिथे उतरला, हे मला देवानं येऊन सांगितलं तरी मी देवाला कॉफीसुद्धा विचारणार नाही.

पलीकडच्या लामेर्सांचा खेरीट त्या तिघांतला एक. तेव्हापासून त्याची आई योहाना लामेर्स माझ्याकडे मीठ मागायलाही आलेली नाही. आमच्या दोघींच्या दारांमध्ये फक्त एक विहीर आहे. मी आले की ती बादली अर्धी सोडून आत जाते.

चर्चच्या मंडळाला तू एक ओळ लिही, की चूक सार्जंटची नव्हती. बाकी मला काही नको. तुझा फोटो मग मी कारखान्यातच काय, घंटाघरावर टांगते.

गेझिना हॉइटिंक

एल्डरब्रूक, १४ जानेवारी १९२५

सन्माननीय सभासद विसिंक यांस,

तुझं उत्तर मिळालं. टाइप करवून घेतलंयस, वा! ‘सदर प्रकरणाचा यथायोग्य निकाल लागला असून मृतांच्या स्मृतीस पुन्हा डिवचणे उचित नव्हे.’ अरे, कुणाच्या स्मृतीला? माझ्या पोराच्या स्मृतीवर तू मातीच टाकून ठेवलीयस, डिवचायला वर आहे काय? आणि खाली शाईनं लिहितोस, ‘गेझिना, मला तुझं दुःख कळतं.’ नाही कळत. उचलली जीभ लावली टाळ्याला.

उन्हाळ्यानंतर तू संरक्षणमंत्री होणार असं मास्तर वर्तमानपत्रातून वाचून दाखवत होते. सगळे माना डोलवत होते. मी म्हटलं, मास्तर, ह्या माणसानं चाळीस वर्षं फौजेत काढली आणि एकही शत्रू मारला नाही, मारली ती आपलीच चार पोरं. मास्तरांचा पाइप विझला. तुला लोक अजून मानतात एव्हर्ट, आमचा मुलगा, आमचा जनरल म्हणतात. म्हणूनच तर माझा जळफळाट होतो.

आता ऐक. नाताळच्या आठवड्यात तुझ्या आईचे पाय गरम पाण्यात घालून बसले होते. ती एकदम म्हणाली, “पोरी, एव्हर्ट त्या रात्री इथे चुलीपाशी येऊन रडला होता.”

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “कुठल्या रात्री?”

“बर्फ फुटला तेव्हा. मी विचारलं, हुकूम कुणाचा? म्हणाला, माझा. दुसऱ्या दिवशी मोठे इन्स्पेक्टर यायचे होते, त्यांना बर्फावरची कूच दाखवायची म्हणून आज तालीम. तुझा हर्मन म्हणाला होता त्याला, कर्नल, आल्डरपाशी खालून ओढा वाहतो, बर्फ पोकळ आहे. तर हा म्हणाला, हॉइटिंक, घाबरत असशील तर आईकडे जा.”

इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन बसली होती, आणि मी रोज तिचं पाणी भरत होते. मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. टॉवेल टाकून मी उठले. मग पुन्हा बसले, कारण तिचे पाय पाण्यात होते आणि ते कुणीतरी पुसायलाच हवे होते.

आईकडे जा म्हणालास ना? आला असता तर वाचला असता.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, आणि वर संन्याशाच्या आईला ‘मला दुःख कळतं’ म्हणून लिहितोस. मी हे मास्तरांना सांगू शकते, पण पुरावा काय? पंच्याऐंशी वर्षांची बहिरी म्हातारी. तू म्हणशील आई भ्रमिष्ट झालीय, आणि मग तिच्यावरही एक चौकशी बसवशील. म्हणून तिचं हे बोलणं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ती खचत चालली आहे. येऊन बघून जा. अंदाजपत्रकाचं काम आहे म्हणू नकोस. अंदाजपत्रक दरवर्षी येतं, आई एकदाच जाते.

गे. हॉ.

एल्डरब्रूक, २ मार्च १९२५

एव्हर्ट,

मिनामावशी आज सकाळी गेली. पहिली शेजारीण म्हणून तुला कळवणं माझं काम, ते करते आहे.

शांत गेली. मी घड्याळ थांबवलं, आरशावर चादर टाकली, तुमच्या गोठ्यात जाऊन धनीण गेल्याचं गाईंना सांगितलं आणि पोळ्यांपाशी जाऊन मधमाश्यांनाही. तिला धुऊन तिच्या लग्नातलं पांढरं अंगावर चढवलं. योहाना लामेर्सही आली, दुसरा शेजार म्हणून तिला यावंच लागतं. आम्ही दोघींनी मिळून तिला उचललं आणि एक शब्द बोललो नाही.

तू येशील तेव्हा चहाकॉफी, सुपासाठी कोंबड्या, बाक, सगळं शेजार बघेल. दफन शनिवारी. बाकी तुझं तुला ठाऊक.

गेझिना

एल्डरब्रूक, ४ मार्च १९२५

तुझी तार मिळाली. आर्नहेम शहरातून काचेची गाडी, काळे तुरे लावलेले चार घोडे आणि उंच टोपीवाली सहा माणसं तू भाड्यानं ठरवली आहेस, आणि गावाला त्रास नको म्हणतोस. काही आणखी करायला हवं का, असंही विचारलंयस.

तुला योग्य वाटेल तसं कर.

गे. हॉ.

एल्डरब्रूक, १५ मार्च १९२५

एव्हर्ट,

काय रे पत्र लिहिलंयस! ‘तू माझ्या आईच्या शवपेटीसमोर माझा तमाशा केलास.’ तमाशाची गाडी कुणी भाड्यानं आणली होती? घोड्यांच्या डोक्यावर कोंबड्याच्या शेपट्या कुणी बांधल्या होत्या? आणि हेगच्या वर्तमानपत्राचे ते दोघे, एक वहीवाला आणि एक कॅमेरावाला, त्यांना काय मी बोलावलं होतं? जनरल आपल्या शेतकरी आईला निरोप देतो, असं चित्र हवं होतं तुला. मिळालं.

तू म्हणतोस तुला सगळं आठवत नाही, डोकं बधिर झालं होतं. माझं झालं नव्हतं. मी सांगते काय झालं ते, पुन्हा कुणी विचारलं तर नीट सांगता येईल.

आपल्या गावात मेलेलं माणूस खडीच्या रस्त्यानं नेत नाहीत, बदककुरणाच्या वाटेनंच नेतात. निदान तेवढं तू बदलायला धजला नाहीस, पाद्रीबाबांनी ऐकलंच नसतं. मार्चचा महिना, बर्फ वितळलेला, वाटेचा चिखल खिरीसारखा. आमच्या बैलगाडीची चाकं रुंद असतात, ती जाते. तुझी काचेची गाडी आल्डरच्या झाडांपर्यंत आली आणि आसापर्यंत रुतली. नेमकी तिथेच. मी काही खड्डा खणून ठेवला नव्हता.

तुझ्या सहा भाडोत्र्यांनी पेटी बाहेर काढली. पायात त्यांच्या नाचायला जायचे चकचकीत बूट! चार पावलांत दोघं गुडघ्यावर आले आणि एकाची उंच टोपी डबक्यात तरंगत गेली. पेटी गवतावर ठेवून ते म्हणाले, साहेब, आमच्यानं होणार नाही, आम्ही दगडी रस्त्याची माणसं. त्या गरीब लोकांची मला खरंच कीव आली.

आणि दोन्ही बाजूंना आपलं सगळं गाव. लाकडी बूट घातलेली, असल्या चिखलात जन्म काढलेली धट्टीकट्टी माणसं, हात खिशात, टोप्या डोक्यावर. कुणी हललं नाही. तू इकडे बघितलंस, तिकडे बघितलंस, मग माझ्याजवळ येऊन दात आवळून म्हणालास, “गेझिना, सांग ना माणसांना. अशी काय उभी राहिलीत?”

मी म्हटलं, “भाड्याच्या माणसांच्या हातात दिलेली पेटी शेजारी कशी उचलतील? तूच म्हणालास ना, गावाला त्रास नको.”

“म्हणजे आईला इथे चिखलात ठेवायचं?”

“मी कोण ठेवणारी? घरच्या मुलानं टोपी काढून घरोघर मागायचं असतं, खांदा द्याल का म्हणून. दारात जाऊन मागायचं ते राहिलं, तर इथे माग. सहा घरं आहेत. पहिलं कुठलं, ते तरी आठवतंय ना?”

खेरीटचा बाप, म्हातारा बेरेंट लामेर्स मागून बोलला, “गाव करी ते राव न करी, जनरल.” कुणीतरी फसकन हसलं. तू लाल झालास, जन्मलास तेव्हा होतास तसा.

मग काढलीस टोपी. सोनेरी गोंडेवाली. म्हणालास, “हॉइटिंकांच्या घराला विचारतो. माझ्या आईला खांदा द्याल का?”

मी म्हटलं, “आमच्या घरातून खांदा द्यायला हर्मन आहे. त्याला विचार.”

“गेझिना, असं नको करूस.”

“का? दिसत नाही का तो कुठे? कुठे गेला?”

पाद्रीबाबा पुढे आले आणि बेरेंटनं त्यांचा कोट धरून त्यांना मागे घेतलं. योहाना लामेर्स माझ्याकडे टक लावून बघत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“बुडाला,” तू म्हणालास. “इथे. बर्फात.”

“कुणाच्या हुकमावरून उतरला तो बर्फावर?”

तू वहीवाल्याकडे पाहिलंस. मी पाहिलं तू पाहिलंस ते. आई चिखलात पडलीय आणि ह्याचं लक्ष वहीकडे! मग तू पेटीकडे पाहिलंस, आणि पुटपुटलास, “माझ्या.”

“मोठ्यानं बोल. मिनामावशीला कमी ऐकू यायचं.”

आणि तू ओरडलास. कवायतीच्या मैदानावर ओरडतात तसा ओरडलास. “माझ्या हुकमावरून! त्यानं नको म्हटलं होतं. बर्फ पोकळ आहे म्हणाला होता. मीच पाठवलं त्यांना!”

त्यानंतर तुला वाटलं असेल बेरेंट तुला मारेल. मलाही वाटलं. त्याच्या मुठी वळलेल्या मी पाहिल्या. पण तो इतकंच म्हणाला, “बाजूला हो, विसिंक,” आणि वाकून त्यानं पेटीची एक कडा धरली. तू मागायच्या आधीच त्यानं धरली, हे ध्यानात ठेव. मग तू उरलेल्या घरांना विचारलंस आणि एकेक जण आला. पाच खांदे झाले. सहावी जागा, उजवीकडची पुढची, आमच्या घराची. ती रिकामी राहिली तेव्हा मी शाल कमरेला बांधली आणि खांदा लावला. बाईनं खांदा द्यायची आपल्यात रीत नाही. कुणीही अडवलं नाही. पेटी जड होती, तीन दिवस माझी मान वळत नव्हती, आणि मला ते दुखणं इतकं गोड वाटत होतं की मी लेपसुद्धा लावला नाही.

तू मागून एकटाच चालत होतास. कॅमेरावाल्यानं ते चित्र घेतलं असं मास्तर सांगतात. पहिल्या पानावर आलंय म्हणे.

आता शेवटचं. तू लिहितोस, ‘माझी आई हे पाहायला असती तर तिनं तुला कधी माफ केलं नसतं.’ थांब जरा. बसला नसशील तर बस.

हे तुझ्या आईनंच सांगितलं होतं मला. त्याच दिवशी, पाय पुसताना. मी रागानं खसाखसा पुसत होते आणि तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, “गेझिना, मी मेल्यावर तू त्याला फक्त मी गेल्याचं कळव. रीतीबद्दल अक्षर सांगू नकोस. तो आपण होऊन आला, टोपी काढून घरोघर खांदा मागितला, तर त्याच्यात आमचं काहीतरी उरलंय असं समज आणि सोड त्याला. पण विसरला, तर माझ्या पेटीवर त्याच्याकडून खरं वदवून घे. माझ्याच्यानं जिवंतपणी झालं नाही.”

म्हणजे तुला एक संधी होती. सहा दारं ठोठावायची होतीस. लहानपणी ह्याच सहा घरांतून तू चोरून मुरांबे खाल्लेस, दारं काही अनोळखी नव्हती. आणि माझ्याकडे पहिल्यांदा आला असतास ना, तर मला तुझ्या आईला दिलेला शब्द पाळून गप्प बसावं लागलं असतं. हर्मन खाजकुयलीतच राहिला असता. तू येतोस की काय, ह्या भीतीनं मी बुधवारपर्यंत नीट जेवले नाही. मग तुझी तार आली. काळे तुरे, चार घोडे. मी ती वाचली आणि पहिल्यांदा पोटभर राईचा पाव आणि डुकराची चरबी खाल्ली. आणि मगच तुला ती एका ओळीची चिठ्ठी लिहिली.

गेझिना हॉइटिंक

एल्डरब्रूक, २० ऑक्टोबर १९२५

एव्हर्ट,

दगडावर चौथं नाव कोरलं. मंडळानं एकमतानं ठरवलं. पाथरवटानं अक्षरं बाकीच्या तिघांपेक्षा कणभर मोठी केली, जागा जास्त होती म्हणाला. मी काही त्याला तसं सांगितलं नव्हतं, आणि दुरुस्तही करायला लावलं नाही.

योहाना त्याच संध्याकाळी आली. कुट्टूच्या पिठाची धिरडी घेऊन आली आणि दारातच उभी. मी म्हटलं, आत ये, थंड होतील. ती बसली आणि म्हणाली, “इतकी वर्षं मी तुझ्या पोराला शिव्या दिल्या गं, रोज, विहिरीवर.” मी म्हटलं, माहीत आहे, ऐकू यायच्या. मग आम्ही दोघी खूप रडलो आणि धिरडी थंडच झाली.

तू निवडणूक हरलास हे कळलं. मंत्री दुसराच कुणी झाला. गावात एकाच माणसानं तुला मत दिलं म्हणतात, ते मास्तर असावेत, त्यांना वर्तमानपत्रात छापलेलं सगळं खरं वाटतं. तुझ्या लोकांनी तुला सभांना बोलावणं बंद केलं, पदकंही तू आता लावत नाहीस, असं तुझ्या पत्रात आहे. आणि शेवटी विचारतोस, ‘आता तरी तुझा राग गेला का?’

नाही गेला. राग म्हणजे काय सर्दी आहे, आठ दिवसांनी जायला? नाव दगडावर आलं, पोरगा नाही आला. तू हेगचं घर विकून इथे आईच्या घरी राहायला येण्याचा विचार करतो आहेस असं लिहिलंयस. घर तुझं आहे, ये. धुराड्यातून धूर दिसला नाही तर मी येऊन बघीन, कारण ते माझं काम आहे. पण कॉफी प्यायला ये असं मी तुला म्हणणार नाही.

तुझा फोटो उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडला. परत पाठवते आहे.

गे. हॉ.

एल्डरब्रूक, १२ फेब्रुवारी १९२९

एव्हर्ट,

तुझं पत्र हॉस्पिटलातून आलेलं, हातानं लिहिलेलं. अक्षर किती वाकडं झालंय रे. आधी मला ओळखूच आलं नाही, वाटलं शाळेतल्या कुणा पोराचं.

इथे यायचं म्हणत होतास, आला नाहीस. आता डॉक्टर म्हणतात उन्हाळा दिसणार नाही. आईशेजारी जागा हवी, आणि ह्या वेळी गाडीघोडे नकोत म्हणतोस. एकेका घराला वेगळी चिठ्ठी लिहिलीस, सहाही घरांना, टोपी काढून मागतो असं लिहून. काल मास्तरांच्या घरी सगळे जमले होते. बेरेंट लामेर्सनं चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मग माझ्याकडे बघायला लागले सगळे. पहिला शेजार बोलल्याशिवाय दुसरा बोलत नाही.

मी रात्रभर तुला नाही म्हणत होते. मोठ्यानं, एकटीच, अंधारात. फार बरं वाटलं. दफन आर्नहेमला कर, म्हटलं, तिथे दगडी रस्ते आहेत, तुझे ते उंच टोपीवाले नेतील. हवं ते म्हटलं तुला. तू ऐकायला हवा होतास.

सकाळी उठले तर खिडकीवर बर्फाची फुलं. असा गारठा सतरा सालानंतर पहिल्यांदाच. बदककुरण या टोकापासून त्या टोकापर्यंत गोठलंय. पोरं खुर्च्या ढकलत घसरायला गेली आहेत, त्यांचे आवाज इथवर येतात.

तर हॉइटिंकांच्या घराचं उत्तर असं. खांदा देऊ. सहाही घरं देतील, मी सांगितलंय त्यांना. तुझ्यासाठी नाही. तू अखेर मागितलंस म्हणून, आणि मिनामावशीनं म्हटलं होतं म्हणून. माफ केलं असं समजू नकोस, तो शब्द ह्या पत्रात कुठेही सापडणार नाही.

पण वाट मी ठरवणार. पहिल्या शेजाराचा तो हक्क आहे. गारठा टिकून असेतो तू गेलास, तर काठाकाठानं फिरून नेणार नाही. तुला सरळ बर्फावरून नेऊ, आल्डरच्या झाडांपर्यंत, जिथे खालून ओढा वाहतो. तिथे पेटी खाली ठेवीन आणि थोडा वेळ ठेवीन. बुडालेल्या त्या चार पोरांना तुझ्याशी काही बोलायचं असेल.

आणि घाबरू नकोस. आमच्या घराची जागा उजवीकडची पुढची, तिथे खांदा देऊन सगळ्यांच्या पुढे मी चालेन. आधी टाच आपटेन, मग ऐकेन. बर्फ पोकळ वाजला तर बाकीच्या पाच घरच्या पाच पोरांना तिथेच थांबवीन आणि मागे फिरवीन, तू कितीही मोठा जनरल असलास तरी.

गेझिना